कापसातली राजकन्या

सीताबाईनं तोंड मिटलं ते शुक्रवारी संध्याकाळी. रविवार उजाडला तरी ते उघडलं नव्हतं.

हिंगणीच्या घरी तिची काळजी घेणारं कोणी नव्हतं, म्हणून दवाखान्यातून तिला नालवाडीला लेकीकडे आणलं होतं. उजवं अंग गेलं होतं आणि त्याच झटक्यात वाचाही गेली होती. नाकातून पोटापर्यंत नळी होती. शुक्रवारी सकाळी डॉक्टरीणबाईंनी ती नळी काढली आणि म्हणाल्या, "आजींना आता गिळता येतंय. बसवून, चमच्यानं पातळ पेज द्या. तोंडानं खाल्लं तर नळीचं काम नाही. नाहीच खाल्लं तर सोमवारी सकाळी घेऊन या, पुन्हा टाकावी लागेल."

पुन्हा नळी म्हणजे काय हे तिच्या नवऱ्याला, चिंधूला ठाऊक होतं. दवाखान्यात सीताबाईनं डाव्या हातानं ती नळी उपटून काढली होती. एकदा काढली, परत टाकली, परत काढली. मग नर्सनं तो एकुलता चालता हात पट्टीनं खाटेच्या दांडीला बांधून टाकला. ती सारखी हात ओढत राही. मनगट लाल झालं. चिंधूला पाहवलं नाही, त्यानं कोणाची नजर नाही असं पाहून गाठ सोडली, आणि तिनं पुन्हा नळी उपटली. नर्स त्याला फार बोलली. "आता तुम्हीच बांधा आजोबा, म्हणजे सोडावीशी वाटणार नाही." त्यानं बांधली. जन्मभर बैल दाव्याला बांधले त्याच हातानं बायकोचा हात बांधला, आणि ती त्याच्याकडे बघत राहिली.

म्हणून शुक्रवारी नळी निघाली तेव्हा त्याला वाटलं, सुटलो. दुपारी तिनं पाच-सहा चमचे पेज घेतली. घरात सगळ्यांचे चेहरे उजळले. संध्याकाळी समोरच्या किराणा दुकानातल्या शकुंतलाबाई बघायला आल्या. स्वभावानं चांगली बाई, पण गप्प बसणं तिला जमत नाही. तिनं चिंधूकडे बोट दाखवलं आणि लहान लेकराला विचारावं तसं विचारलं, "सीताबाई, हे कोण आहेत सांगा बरं?"

सीताबाईनं ओठ हलवले. घशातून आवाज आला. सगळे वाकून ऐकू लागले. आणि इतक्या दिवसांनी तिच्या तोंडातून पहिला शब्द निघाला, अगदी स्पष्ट.

"खराटा."

शकुंतलाबाई हसल्या. लेक कांता हसली, नात दीपमाला हसली. आणि सगळ्यांत मोठ्यानं हसला चिंधू. इतके दिवस कोंडलेला जीव होता, तो हसण्यातून बाहेर पडला. "बराबर बोलली," तो म्हणाला. "पाहा ना माह्याकडे, खराटाच हावो मी." त्यावर आणखी हसू झालं.

सीताबाईनं एकेकाकडे पाहिलं. शेवटी नवऱ्याकडे पाहिलं. तिला जे म्हणायचं होतं ते हे नव्हतं, हे तिचं तिलाच कळलं होतं. तिनं ओठ मिटले.

त्यानंतर चमचा नेला की दात घट्ट. कांतानं रागावून पाहिलं, रडून पाहिलं. चिंधूनं हात जोडले. "चुकलो वो सीते, हसाले नोको होतं मी." ती भिंतीकडे बघायची. ओला फडका ओठांवर ठेवला तर तेवढं पाणी आत जाई. बाकी काही नाही.

रविवारी सकाळी तो तिच्या खाटेजवळ स्टूल घेऊन बसला होता. हिला बोलतं कसं करावं? आयुष्यात तो कमी बोलला होता, बोलायचं खातं तिच्याकडे होतं. तो काही सांगू लागला की ती मधेच म्हणायची, "तसं नाई जी." मग त्याचं सांगणं तिच्या हातात जायचं. बैल कोणत्या बाजारातून आणला, लग्नात कोण रुसलं होतं, काही सांगा, "तसं नाई जी." चारचौघांत याचा त्याला राग यायचा. कितीदा तरी तो म्हणाला होता, मरतानाही मी शेवटचं पाणी मागीन अन् तू म्हणशीन, तसं नाई.

हे आठवलं आणि त्याच्या डोक्यात आलं, आपण चुकीचं सांगितलं तर? इतकं चुकीचं, की तिला गप्प बसवणारच नाही. आणि तोंड एकदा बोलायला उघडलं की घास घ्यायलाही उघडेल.

चुकीचं सांगायला त्याच्याजवळ एक लांबलचक गोष्ट होती. दोघांनी मिळून पाहिलेला पिक्चर.

कांता अंगावर पिणारी होती तेव्हाची ती गोष्ट. सेलूच्या बाजाराला गेले होते. एका गोदामात टीव्ही ठेवून तेव्हा पिक्चर दाखवत. दारावर हातानं रंगवलेला बोर्ड होता, त्यावर तलवार घेतलेला गोरा राजपुत्र, किल्ला, आणि सोनेरी केसांची राजकन्या. खाली लिहिलं होतं: सहकुटुंब पाहा. दोघांनाही तेव्हा वाचता येत नव्हतं. चिंधूनं दारावरच्या माणसाला विचारलं, काय लिहिलं हाय? त्यानं सांगितलं. सीताबाई म्हणाली, "कुटुंबासंगट पाहा म्हणते, म्हणजे लाजेचं काही नसन. चाला."

पिक्चर विलायती होता, पण त्यातली माणसं हिंदी बोलत. जुन्या काळचं राज्य. कपटी प्रधान जादू करून राजपुत्राची सावली चोरतो आणि मडक्यात कोंडून ठेवतो. ज्याची सावली गेली त्याला कोणी ओळखत नाही, आई नाही, बाप नाही, नोकर नाही. एक राजकन्या तेवढी ओळखते. मग ती त्याची सावली आणायला निघते.

पण तलवारी खणखणल्या की कांता रडायला लागायची. गोदामवाला बॅटरी मारून ओरडायचा, लेकरू बाहेर न्या. मग एकानं बाहेर जायचं आणि एकानं बघायचं. थोडा चिंधूनं पाहिला, थोडा सीताबाईनं. सावलीची चोरी आणि पुलावरची मारामारी त्यानं पाहिली. राजकन्येचा प्रवास, किल्ला आणि शेवट तिच्या वाट्याला आला. शेवटची गाडी चुकली. बोर धरणाच्या कालव्याच्या कडेनं हिंगणीला चालत येताना दोघांनी आपापला पिक्चर एकमेकांना सांगितला, तेव्हा कुठे तो पुरा झाला. पुढे लेकरांना, मग नातवंडांना, तो तसाच दोघांच्या तोंडानं सांगितला गेला. सुरुवात बाबांची, पुढचं मायचं. आणि बाबांच्या सुरुवातीतही तिचं, तसं नाई जी.

चिंधूनं स्टूल पुढे ओढलं.

"तर वो सीते," तो म्हणाला, "एक राजपुत्र होता. त्याची सावली चोरली त्याच्या मामानं."

तो थांबला. मामा नाही, प्रधान. ती बघत होती पंख्याकडे.

"त्याचा घोडा होता काया कुच."

घोडा पांढरा होता. लेकरांनी एकदा चित्रात तपकिरी घोडा काढला तर तिनं खडू घ्यायला लावून तो पांढरा करवला होता. आता पापणीही हलली नाही.

"मंग तो घोडा बिमार पडला. म्हून राजपुत्र एसटीनं गेला."

दारात दीपमाला भांडी पुसत उभी होती. "आबाजी, एसटीनं?"

"हाव. पुलगाव डेपोची होती."

"जागा भेटली का त्याले बसाले?"

"उभ्यानं गेला. सावली नाई त्याले, कंडक्टरनं ओळखलंच नाई. तिकीटही नाई मागलं."

"मंग तर फायदाच झाला ना सावली चोरून," दीपमाला म्हणाली आणि हळूच आजीकडे पाहिलं. दोघंही पाहत होती. सीताबाईनं डोळे मिटले.

चिंधूनं हार मानली नाही. त्यानं राजकन्येला टकली केली. पुलावरची मारामारी विहिरीत नेली. प्रधानाला शेवटी राजपुत्राशी सोयरीक करायला लावली. आपल्याच तोंडानं आपल्याच पिक्चरच्या अशा चिंधड्या करताना तो सारखा तिच्याकडे बघत होता, पण तिकडून काहीच येत नव्हतं. पूर्वी घोड्याच्या रंगावरून उठून बसणारी बाई. आता राजपुत्र मेला म्हणून सांगितलं असतं तरी चाललं असतं.

कांता आली, पेज घेऊन. चमचा ओठांना लावला. ओठ नाही उघडले. पेज हनुवटीवरून गळ्यात गेली. कांतानं ती पुसली आणि वाटी परत नेली.

दीपमालाला मात्र एक सुचलं. "आबाजी, त्या पिक्चरचं नाव काय?"

"नाव कोणी वाचलं तवा?"

"बरं, सावली चोरलेला राजपुत्र, हिंदीत. असंच शोधते." तिनं मोबाइलवर बोटं फिरवली. जरा वेळ गेला. मग मोबाइल त्याच्यासमोर धरला. "हा का?"

चिंधूनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला. तोच राजपुत्र. तोच पूल. गोदाम पडलं, टीव्ही भंगारात गेला, त्याला वाटत होतं पिक्चरही त्यांच्याबरोबर गेला असेल. तो इथे या पोरीच्या हातात होता, आणि राजपुत्र अजून तरणाच होता.

उशा लावून सीताबाईला बसतं केलं. मोबाइल तिच्या पुढ्यात धरला. आवाज सुरू झाला आणि तिचे डोळे वळले. पहिल्यांदा वळले, शुक्रवारनंतर. राजपुत्र पांढऱ्या घोड्यावर आला. तिनं मान जराशी पुढे केली. डावा हात चादरीवरून सरकत आला आणि त्याची बोटं मोबाइलच्या कडेला लागली.

कांता हातातलं काम टाकून दारात आली.

चिंधूच्या वाटची सुरुवात झाली, पूल झाला, आणि सीताबाईचा भाग आला. तो त्यानं कधीच पाहिला नव्हता. पण ऐकून ऐकून त्याला तो पाहिल्यासारखाच होता. राजकन्या प्रधानाच्या मुलखात पोचते. तिथे नजर जाईल तिथवर कापूस फुटलेला असतो. असा कापूस, सीताबाई सांगायची, की पऱ्हाटीचं झाड दिसत नाही, जमीन दिसत नाही, सारं रान पांढरं. बाया खाली वाकून वेचत असतात. वर बघायची कोणाला परवानगी नसते. राजकन्या काय करते, डोक्यावर पदर घेते, कापूस टाकायला कमरेला फडक्याची ओटी बांधते आणि त्या बायांत मिसळून कापूस वेचू लागते. दिवसभर वेचते. सोनेरी केस झाकलेले, नाजूक बोटं बोंडांच्या टोकांनी फाटलेली. संध्याकाळी साऱ्या बाया ओझी घेऊन किल्ल्यात जातात, शिपायाला वाटतं हीही मजूरच. अशी ती आत शिरते.

"आता पाह्य," तो दीपमालाला म्हणाला. "आता कापूस येते."

"कोणता कापूस?"

पडदा पांढरा झाला. नजर जाईल तिथवर पांढरं. बाया वाकलेल्या होत्या, काहीतरी वेचत होत्या. त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. वेचत होत्या त्या काटक्या. राजकन्येचे पाय गुडघ्यापर्यंत आत रुतत होते.

"आबाजी, हा तर बरफ आहे," दीपमाला म्हणाली. "वरून पडून राह्यला, दिसत नाही का? जळतण वेचतायत त्या. आजी, तू कापूस समजली का याले?" आणि ती हसली. त्यात वाईट काही नव्हतं, कोणाला लाडानं हसावं तसं ती हसली. दारातून कांताही म्हणाली, "अवो माय, अन् मी शाळेत बाईले सांगतलं होतं, विलायतेत आपल्याहून मोठा कापूस होते म्हून. पूर्ण वर्ग हासला होता मले."

चिंधूनं हात वर केला, पण उशीर झाला होता.

सीताबाई पडद्याकडे बघत होती. वरून बरफ पडत होता. तिच्या चेहऱ्यावर काही बदललं नाही, फक्त बोटं मोबाइलच्या कडेवरून निघाली, चादरीवरून मागे गेली आणि पोटाशी जाऊन मुठीत मिटली. डोळे मिटले. थोड्या वेळानं चिंधूनं ओला फडका तिच्या ओठांना लावला तर तिनं मान फिरवली. आता पाणीही नाही.

तो उठून अंगणात गेला. नळाच्या टाकीजवळ उकिडवा बसला. ऊन चढलं होतं. शेजारी कोणाचा तरी मिक्सर चालू होता. दोनदा तिला बोलावलं आणि दोनदा घालवलं. पहिल्यांदा आपण हसून, दुसऱ्यांदा तिची चूक चारचौघांत उघडी करून. ती एका जागी पडलेली, आणि आपण सारे पायांवर उभे राहून तिला दाखवत होतो, पाहा, तू तेव्हाही चुकली होती.

कांता बाहेर आली. तिच्या हातात दवाखान्याची पिशवी होती. "बाबा, उद्याचं सामान भरून ठेवलं. रिपोर्ट हायेत, चादर हाय." ती थांबली. "पट्टीही ठेवली. तिथली लय कडक राह्यते. ही जुन्या लुगड्याची हाय, मऊ."

त्यानं पिशवीकडे पाहिलं नाही.

"मी बांधीन," कांता म्हणाली. "तुम्ही बाहेर राहजा."

"तू काऊन बांधशीन? तुले तिनंच पाठीशी बांधून वावरात नेलं. तू नाई बांधायची."

"मंग काय करू सांगा ना. उपाशी मरू देऊ तिले?"

ती डोळे पुसत आत गेली.

तो बसून राहिला. तेव्हाचं गोदाम त्याला आठवू लागलं. खिडक्यांना पोती लावलेली, आत बिड्यांचा धूर, टीव्हीला मुंग्या आलेल्या. बरफ तेव्हा कोणी पाहिला होता? बरफ म्हणजे बाजारात लाल-हिरव्या पाण्याचा गोळा मिळायचा तो. सारं रान पांढरं आणि त्यात वाकलेल्या बाया, हिंगणीच्या माणसाला दुसरं काय दिसणार? तिच्या जागी तो असता तर त्यालाही कापूसच दिसला असता. आणि कालव्याच्या कडेनं चालताना, खांद्यावर कांता झोपलेली, आणि सीताबाई सांगत होती: अन् मंग थिनं ओटी बांधली जी, आपल्यासारखीच. तोवर तो पिक्चर त्याला परक्यांचा वाटत होता. राजा, किल्ला, घोडे, आपला काय संबंध? ओटी बांधली म्हटल्यावर ती राजकन्या त्याची झाली. तिच्या बोटांतून रक्त आलं तेव्हा ते कसं दुखतं हे त्याला माहीत होतं. मोबाइलमधल्या त्या बाईनं हातमोजे घातले होते.

तो उठला आणि आत गेला. दीपमाला आजीच्या पायथ्याशी पडेल चेहऱ्यानं बसली होती.

"तो मोबाइल बंद कर," तो म्हणाला. "तुवा दुसराच पिक्चर लावला."

"आबाजी, तोच तर—"

"तो नोहोय. त्यात कापूस कुठी हाय? आमच्या पिक्चरमंधी कापूस होता. हे कोणी बरफवाल्यानं नक्कल केली."

दीपमालानं त्याच्याकडे पाहिलं. मग मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला.

तो स्टूलावर बसला. सीताबाईचे डोळे मिटलेलेच होते. या वेळी त्यानं चुकीचं काही सांगायचं ठरवलं नाही. जसं तिनं सांगितलं होतं तसं, तिच्याच शब्दांत सांगू लागला.

"मंग ती प्रधानाच्या मुलखात आली. पाह्यते तर कापूसच कापूस. पऱ्हाटी दिसून नाई राह्यली, वावराचा धुरा दिसून नाई राह्यला. हवा आली की कापूस उडे अन् खाली पडे." हे वाक्य तिचंच होतं. आज ते का होतं हे त्याला कळलं, आणि त्यानं ते तसंच ठेवलं. "बाया वेचत होत्या. कोणी वर पाहे ना. राजकन्या म्हणाली, बाई, मलेही घे वो तुह्या ओळीत. त्या बाईनं आपला फडका काढून देल्ला. थिनं ओटी बांधली. वेचाले लागली. पयले नुसतं ओढे, मंग त्या बाईनं दाखोलं, असं बोटानं धर, असं उचल, पाला नाई आला पायजे. बोटं फाटली. रगत कापसाले लागलं, त थिनं तेवढं तोंडात धरून पुसून टाकलं, मुकडदम रागावते म्हून."

सीताबाईचे डोळे उघडले होते. ती त्याच्याकडेच बघत होती, पंख्याकडे नाही. त्यानं ते पाहिलं, पण आवाजात फरक पडू दिला नाही.

"सांज झाली. साऱ्या बाया वझं डोक्यावर घेऊन निंघाल्या. ही सगळ्यात मागं. किल्ल्याचं दार एवढं मोठं. शिपायानं भाला आडवा लावला. म्हणे, थांब. तू कोणाची कोण?"

इथे तो अडकला. खरंच अडकला. यानंतर राजकन्या काय म्हणाली हे तिचं होतं, आणि ते दर वेळी वेगळं असायचं. कधी ती म्हणायची, मी वेचणारी. कधी म्हणायची, मी मुकी. लेकरं जशी असतील तसं ती सांगायची. त्याचं असं पक्कं काही नव्हतं. तो आठवू लागला.

सीताबाईचे ओठ हलले. एकदा, दोनदा. कपाळाला आठी पडली. आवाज घशात घासत वर आला.

"चि...चिमणी."

दीपमालाच्या तोंडाचा कोपरा हलला. चिंधूनं तिच्याकडे नुसतं पाहिलं. तिनं ओठ दातांत धरला.

"हाव," चिंधू म्हणाला. "बराबर. ती म्हणाली, मी चिमणी होय. शिपाई म्हणे, चिमणी एवढी मोठी कशी? त ही म्हणाली, पाणी लय पडलं औंदा, दाणा लय खाल्ला..."

सीताबाईनं मान हलवली. नाही. तिचा चेहरा ओढला गेला, डावा गाल, डावी भुवई. ही भुवई त्याला ओळखीची होती. "चिमणी," ती पुन्हा म्हणाली, जोर देऊन, ठार बहिऱ्याला सांगावं तसं.

उडणारी नाही, मग दुसरी कोणती? मग लक्षात आलं, रॉकेलची. "चिमणी होती तिच्या हाती? दिवा?"

ती थांबली. तिला तेच म्हणायचं होतं की हेही दुसऱ्याच कशाच्या जागी आलेलं होतं, ते तिलाही सांगता आलं नसतं. पण तिनं नाही म्हटलं नाही.

"बरं. चिमणी होती हातात. पेटवली. मंग?" तो बोलत असतानाच त्यानं कांताला खूण केली, पेज आण. "मंग चिमणी घेऊन ती आत गेली. आत अंधार. मडकेच मडके ठेवले होते, त्यात साऱ्यायच्या सावल्या कोंडलेल्या..."

कांतानं वाटी आणली. चिंधूनं ती आपल्याकडे घेतली. चमचा भरला. पण सीताबाईच्या तोंडाकडे नेला नाही, मधेच हवेत धरून बसला, गोष्टीत विसरल्यासारखा. "अन् आपल्या राजपुत्राचं मडकं कोणतं हे ओळखाचं कसं? सारे सारखेच. ती पयल्या मडक्याजवळ गेली..."

"न्हा," सीताबाई म्हणाली. डावी भुवई पुन्हा वर गेली. आणि तिनं डावा हात उचलून त्याचा चमचा ओढून घेतला. अर्धी पेज चादरीवर सांडली. उरलेली तिनं स्वतःच तोंडात घातली, चिडल्यासारखी, तुझ्याच्यानं काही होत नाही म्हणून सारं काम मलाच करावं लागतं, अशी. थोडी पेज ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आली. बाकी गळ्याखाली गेली. कांतानं गळ्याची ती हालचाल पाहिली आणि भिंतीला टेकली.

"बरं, पयलं मडकं नाई," चिंधू म्हणाला. त्याला रडू येत होतं आणि रडून चालणार नव्हतं. "मंग कोणतं?"

ती विचार करू लागली. चमचा तिच्याच मुठीत होता.

"डो...डोंगर," ती म्हणाली.

"हाव. डोंगराएवढं मडकं होतं एक, सगळ्यात मागं."

तिनं वाटीकडे हात केला. त्यानं ती जवळ धरली. चमचा वाकडा जात होता, निम्मं खाली पडत होतं. दीपमाला सांडलेलं पुसायला वाकली, तर चिंधूनं तिला थांबवलं. सांडू दे. वाटी अजून अर्धी भरलेली होती. इतक्यानं उद्या डॉक्टरीणबाई नळी टाकायचं थांबवतील का हे त्याला माहीत नव्हतं. दारातून कांतानं हळूच विचारलं, "पुरन का बाबा एवढं?" त्यानं ऐकलं नाही असं केलं. पिशवी कोपऱ्यात होतीच. आत्ता त्याला एवढीच भीती होती की मडकं सापडेल, सावली निघेल, लग्न लागेल आणि पिक्चर संपेल. ते होऊ द्यायचं नव्हतं. निदान वाटी संपेपर्यंत नाही, आणि संध्याकाळच्या वाटीपर्यंतही नाही.

"पण ते डोंगराएवढं मडकं थिच्या एकटीच्यानं उचलते थोडंच," तो म्हणाला. "अन् तिकडून प्रधान येऊन राह्यला. आता काय करते वो ती?"

सीताबाईनं चमचा वाटीत टेकवला. कपाळाला आठ्या घालून ती शब्द शोधू लागली. तोंड अर्धं उघडं होतं. चिंधू वाटी धरून बसला.

"बै...," ती म्हणाली. "बैस."

तो स्टूल आणखी पुढे ओढून बसला.